तेवीस काठ्या

प्रिय शिट्टी,

तुझा पत्ता कुठून मिळवला हे विचारू नकोस. एकतीस वर्षं मी लोकांचे पत्ते सांभाळायचीच नोकरी केली. सोळा हजार पथकांचे पत्ते माझ्या कपाटात आहेत, त्यात तुझा एक नव्हता एवढंच. अक्षरावरून ओळखलंच असशील. नसशील ओळखलं तर सांगते, मी मास्तरीण. हे पत्र आधी टाइप करायला घेतलं होतं, पण दुसऱ्याच ओळीत ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं लिहून बसले. मग कपाळावर हात मारला आणि पेन उचललं.

मुद्द्याचं आधी सांगून टाकते, नाहीतर म्हणशील, ही बया अजून तशीच, शेंडा ना बुडखा. आपल्या संघटनेला पन्नास वर्षं पूर्ण होताहेत. त्यानिमित्त इतिहास छापतोय, सव्वादोनशे पानांचा, आणि संपादक मी. त्यात पान एकशे बारावर तुझ्याबद्दल एक वाक्य आहे, जुन्या चौकशी अहवालातून जसंच्या तसं उतरवलेलं. ‘पथक क्रमांक त्रेचाळीसच्या प्रमुखांच्या निष्काळजीपणामुळे एक बालिका रात्रभर रानात राहिली.’ तुझं नाव नाही, पण त्रेचाळीस म्हणजे तू, हे जुन्या मंडळींत कोणाला ठाऊक नाही? छापखान्याचे काका आज चार वाजता शेवटची पानं न्यायला येणार आहेत. एकदा छापलं की पंचवीस हजार प्रती गावोगाव जाणार आणि पुढची पन्नास वर्षं तू त्या वाक्यात तशीच बसून राहणार. ते पान गेले अकरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. आता सकाळचे दहा वाजलेत. काका वेळेचे पक्के आहेत, त्यामुळे माझ्याकडे सहा तास आहेत.

खोली तीच आहे. पोस्टमास्तरांचं मोठं टेबल, त्याचा उजवा खण अजूनही गुडघा लावल्याशिवाय उघडत नाही. भिंतीवर तोच नकाशा, दर पथकामागे एक टाचणी. आपल्या लहानपणी त्यावर एकच टाचणी होती, आठवतंय? नऊ मुलं, आणि पोस्टाच्या मागची पार्सलं ठेवायची खोली. मास्तरांनी आधी फक्त रस्त्यावर उंडारणाऱ्या पोरांना पार्सलं लावायला बोलावलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की खरं काम दिलं की हीच पोरं शहाण्यासारखी वागतात. इतिहासात मी हे ‘संस्थापकांची दूरदृष्टी’ या मथळ्याखाली लिहिलंय. खरं तर हाताखाली माणूस कमी होता म्हणून चळवळ सुरू झाली, पण ते सुवर्णमहोत्सवी ग्रंथात कसं लिहायचं, तूच सांग.

त्या नऊ जणांत सातवी तू आणि आठवी मी. पहिल्याच आठवड्यात तू दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारलीस की पोस्टातल्या बाईंच्या हातून शिक्के घरंगळले, आणि तुझं नाव पडलं. माझं नाव का पडलं ते मी सांगत नाही. लोकांच्या चुका काढायची सवय माझी तेव्हापासूनची, एवढं पुरे.

संघटना कशी बांधायची हे मास्तरांनी कुठल्या पुस्तकातून घेतलं नाही, पोस्टातून घेतलं. सहा-सात मुलांची तुकडी, चार तुकड्यांचं पथक, पथकांचा जिल्हा, जिल्ह्यांचा प्रांत. आणि प्रत्येक पथकाला क्रमांक. एकदा दिलेला क्रमांक परत दुसऱ्याला द्यायचा नाही, पथक मोडलं तरी नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक तुकडीने एक कार्ड टाकायचं, तेही मुलांनीच लिहायचं, मोठ्यांनी हात लावायचा नाही. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका गोष्टीत होतं. मुलाला खरी जबाबदारी द्या, मग बाजूला व्हा, आणि ते सांगेल त्यावर विश्वास ठेवा. आता उद्दिष्टांचं चकचकीत चौदा पानी पत्रक आहे, चारित्र्य आहे, नेतृत्व आहे, नागरिकत्व आहे. ते पत्रक मीच लिहिलंय. त्यात मास्तरांचं म्हणणं नवव्या पानावर सापडतं.

आणि पायवाटेवरच्या खुणा. नव्या मुलांना अजून तितकीच मजा वाटते गं. पुढे जाणाऱ्याने दगडांच्या, काटक्यांच्या खुणा मांडत जायचं, बाकीच्यांनी त्या वाचत मागून यायचं. मास्तर पुढच्याला ‘नाक’ म्हणायचे आणि सगळ्यात मागच्याला ‘शेपूट’. शेपटाने मागच्या खुणा उचलत यायच्या, रानात आपला मागमूस ठेवायचा नाही. आणि परतल्यावर छावणीच्या गेटपाशी सगळ्यांना मोजून शेवटची खूण मांडायची, दगडांचं वर्तुळ आणि मधोमध एक दगड. सगळे घरी आले. ती खूण दिसली की कोणी कोणाला शोधायचं नाही. नऊ मुलं होती तेव्हा पार्सलखोलीच्या दाराशी मास्तर ती स्वतः मांडायचे आणि मगच कुलूप लावायचे.

नऊची आता चार लाख अकरा हजार झालीत. ही वाढ माझ्या डोळ्यांदेखत झाली, आणि निम्मी तरी माझ्या परिपत्रकांनी. हसू नकोस. टोपीचं बटण पितळी असावं की प्लास्टिकचं यावर एका प्रांताने दीड वर्षं भांडण केलं होतं, ते मी मिटवलं. पुस्तिकेतले सत्तर नियम मी लिहिले. त्यातला सगळ्यांना तोंडपाठ असलेला नियम म्हणजे एक्केचाळिसावा. ‘मोजणी चेहरा पाहून व नाव पुकारून करावी. टोप्या, पिशव्या किंवा काठ्या मोजू नयेत.’ परवा एका पथकात सात वर्षांच्या पोरीने तो मला घडाघडा म्हणून दाखवला. मी शाबासकी दिली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. पथकाच्या ताईंना वाटलं मला उन्हाचा त्रास झाला.

त्या छावणीबद्दल अहवाल काय म्हणतो ते आधी सांगते, कारण तू तो बहुतेक कधी वाचला नसशील. राष्ट्रीय छावणी, तीन हजार मुलं, संस्थापकांची शेवटची. चौथ्या दिवशी पथक बारा आणि पथक त्रेचाळीस यांच्या तेवीस लहान मुलींना दोन्ही पथकप्रमुखांनी तळ्यापर्यंत पायवाटेने नेले. परतताना एक बालिका मागे राहिली. गेटपाशी शेवटची खूण मांडलेली असल्यामुळे सर्वजण परतले असे समजण्यात आले. सायंकाळी जेवणाच्या वेळी एक ताट कमी भरले. तरीही खूण पाहून छावणीप्रमुखांनी प्रथम तंबू, पाण्याची टाकी व स्वयंपाकघर यांतच शोध घेतला व अंधार पडेपर्यंतचा सगळा वेळ त्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बालिका खाणीच्या खड्ड्यात सापडली, डावा पाय दोन ठिकाणी मोडलेला. अहवाल असा आहे, ‘आले’, ‘गेले’, ‘सापडली’. मोजणी कशी झाली आणि मुलगी कोणाला सापडली, हे त्यात नाही.

माणसाच्या भाषेत सांगायचं तर असं झालं. तू नाक होतीस. तळ्यावरून निघताना तू पुढे गेलीस, खुणा मांडत, पोरींना हसवत. पाच वाजता संचलन होतं आणि त्यात राष्ट्रीय कचेरीसाठी एका ताईची निवड जाहीर होणार होती. तुझंही नाव होतं यादीत, माझंही. तुला त्याचं काही नव्हतं, तुला मुलांतून उठून टेबलाशी बसायचंच नव्हतं. मला बसायचं होतं. घरी आई अंथरुणाला खिळलेली आणि पाठची दोघं भावंडं, ते कारण होतंच. पण खरं सांगते, ते नसतं तरी मला ती खुर्ची हवी होती. तळ्याकाठच्या कठड्याला पोरींनी काठ्या टेकवून ठेवल्या होत्या. पोरी इकडे तिकडे धावत होत्या, एका जागी उभ्या राहायला तयार नव्हत्या, आणि साडेतीन वाजून गेले होते. काठ्या कशा, शहाण्यासारख्या उभ्या होत्या. तेवीस भरल्या.

आपली ठेंगी आठवते ना, सगळ्यात बुटकी, अकरा वर्षांची. तिच्या मैत्रिणीचा पाय मुरगळला होता म्हणून हिने स्वतःची काठी तिला दिली आणि तिची रिकामी बाटली घेऊन वरच्या झऱ्यावर पाणी भरायला गेली. रोज एकाचं तरी काम करावं, असं आपणच शिकवलं होतं. मैत्रीण दोन काठ्या टेकत पुढे तुझ्या घोळक्यात मिसळली, तिला वाटलं ठेंगी मागे शेपटाबरोबर आहे. शेपूट मागून खुणा उचलत निघालं, एकही दगड जागेवर न ठेवता. काम नीट करायची हौस दांडगी ना! ठेंगी खाली आली तेव्हा वाटेवर माणूस नव्हतं आणि खूणही नव्हती.

बारा वाजले. चहा आला होता, गार झाला. शिपाई दोनदा डोकावून गेला, बाई आज काय एवढं लिहिताहेत म्हणून.

अकरा दिवसांपूर्वी ठेंगी इथे आली होती. आता बेचाळीस वर्षांची आहे, प्रशिक्षण केंद्राची प्रमुख आहे, किंचित लंगडते. जुन्या सदस्यांच्या आठवणी आम्ही मागवल्या होत्या, तिने आपल्या हाताने लिहून आणली. दीड पान. झऱ्यावरून तिला वाटेवरची शेवटची ताई पाठमोरी दिसली होती. तिने हाक मारली, पण ताई लांब होती आणि भराभर चालत होती. ‘ताईंच्या काखेत काळी फाइल होती,’ असं तिने लिहिलंय. बस्स, एवढंच. छावणीत फाइल घेऊन रानात जाणारी मूर्ख एकच होती, आणि तूच मला त्यावरून चिडवायचीस. मी वाचून झाल्यावर तिच्याकडे बघायचं धाडस होईना. ती मात्र शांतपणे म्हणाली की माझं अक्षर वाईट आहे, काही दुरुस्त करायचं असेल तर तुम्हीच करा. मी कसंबसं विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलंस. तर म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही, सगळ्या मोठ्यांनाच विचारत होते.

शिट्टी, पन्नास वर्षं मुलांवर विश्वास ठेवा म्हणून सांगणारी आपण माणसं. पाच जणांची समिती, तीन दिवस चौकशी, सत्तावीस पानांचा अहवाल, आणि त्या पोरीला कोणी एक प्रश्न विचारला नाही. माझ्या तर ते पथ्यावरच पडलं.

त्या चौकशीच्या तंबूत तू माझ्या डाव्या हाताला बसली होतीस. तुझ्या बुटांना खाणीतली पांढरी माती होती, कारण ठेंगीला खांद्यावर टाकून तूच आणली होतीस. माझी निवड आदल्या दिवशी संचलनात जाहीर झाली होती. टाळ्या पडल्या तेव्हा पोरगी खड्ड्यात होती. मास्तरांनी विचारलं, शेपटाला कोण होतं. साधा प्रश्न होता. मी फाइलवरची दोरी सोडत होते आणि बांधत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, नुसतं वाट बघितल्यासारखं. टेबलावर त्यांचं मोठं घड्याळ टिकटिकत होतं, ते मी ऐकत बसले. आणि मग तू म्हणालीस, मी होते. का म्हणालीस? माझ्या आईची दया आली, की माझा कंटाळा आला? एकतीस वर्षांत मला ते कळलेलं नाही. संध्याकाळी तू वळकटी काखेत मारून गेटबाहेर पडलीस. मी तंबूच्या फटीतून बघत होते. वळून एकदा शिट्टी मारशील असं वाटलं होतं, नाही मारलीस.

मग मी इथे आले. पहिल्याच महिन्यात तुझं पथक मोडल्याचं कार्ड आलं आणि नकाशावरची त्रेचाळीसची टाचणी मी या हातांनी उपटली. तिथलं भोक अजून दिसतं. दुसऱ्या वर्षी नियम एक्केचाळीस लिहिला. अहवालात काठ्यांचा उल्लेख कुठेही नव्हता, तरी हिला काठ्या कुठून सुचल्या, असं कोणीही मला विचारलं नाही. उलट माझ्या दक्षतेचं कौतुक झालं. ते ठरावात आहे.

तू पोहायला शिकवतेस हे मला बारा वर्षांपूर्वी कळलं. एकदा आले होते मी तलावावर. वर गॅलरीत, खांबाआड, तिकीट काढून, भाचीला बघायला आल्यासारखी बसले. तू काठाकाठाने चालत होतीस, गळ्यात शिट्टी. दर दहा मिनिटांनी पोरांना काठ धरायला लावून एकेकाच्या तोंडाकडे बघत मोठ्याने नाव घेत होतीस. एक पोरगा कंटाळून ओरडला, ताई, आत्ताच तर मोजलंत. तू त्याला सांगितलंस की परत मोजणार. मी तास संपेपर्यंत बसले आणि मागच्या जिन्याने निघून आले. मला रडू आलं होतं आणि मला तुझ्यासमोर रडायची लाज वाटली. त्याआधी आणि त्यानंतर किती पत्रं फाडली ते सांगत नाही.

चार वाजले. काका आले, आणि आत्ताच गेले. पान एकशे बारा त्यांच्या हातात दिलं. त्यावर आता असं आहे. ‘शेपटाला पथक क्रमांक बाराच्या प्रमुख होत्या. त्यांनी मुली न मोजता काठ्या मोजल्या, शेवटची खूण मांडली व चौकशीत गप्प राहिल्या. मुलीला पथक क्रमांक त्रेचाळीसच्या प्रमुखांनी शोधून आणले.’ पुढे माझा आजचा हुद्दा, आणि खाली ठेंगीची आठवण, एक अक्षर न बदलता. काकांनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं आणि विचारलं की बाई, यात काही चूक तर नाही ना. म्हटलं, नाही काका, आता नाही. राजीनामा वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलाय. पण यासाठी तुला पत्र लिहायची गरज नव्हती, पुस्तक तुला घरपोच मिळालंच असतं. पत्र लिहिलंय ते वेगळ्यासाठी. विसाव्या तारखेला सुवर्णमहोत्सवी छावणी संपते. सतरा हजार मुलं घरी निघाली की सगळ्यात जुन्या सेविकेने गेटपाशी शेवटची खूण मांडायची, असा रिवाज आहे, आणि यंदा ती मी आहे. राजीनामा एकविसाव्यापासून लागू आहे, म्हणजे विसाव्याला शेपूट मीच. मला ती खूण मांडता येणार नाही गं. मोजणी एकाने कमी भरतेय. एक पोरगी एकतीस वर्षांपूर्वी वळकटी घेऊन त्या गेटबाहेर पडली, ती अजून आलेली नाही, आणि ती कोणामुळे गेली ते मला ठाऊक आहे. मला माफ कर. मी दगडांचं वर्तुळ करून ठेवीन, मधला दगड तुझ्यासाठी बाजूला ठेवीन. तो तू ठेव. नाही आलीस तर तो तसाच राहील आणि मध्ये रिकामी जागा का, असं ज्यांना विचारायचं असेल त्यांना मी सांगेन. दुपारी तीनपासून मी गेटवर उभी आहे. कोणाच्या हाती निरोप पाठवू नकोस, चिठ्ठी पाठवू नकोस. नियम एक्केचाळीस आहे, चेहरा पाहूनच मोजणार आहे.

तुझीच,
शेपटाला राहिलेली
मास्तरीण